आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके : जीवनकार्य आणि दरोड्याचा कायदा



4 नोव्हेंबरला जयंती आणि 17 फेब्रुवारीला पुण्यतिथी, अशा दोन निमित्तांनी आपल्या शाळांमध्ये वासुदेव बळवंत फडके यांची आठवण काढली जाते. फोटोला हार घातला जातो, दोन-तीन मुलं पाठ केलेलं भाषण म्हणतात. त्या भाषणात एक वाक्य हमखास असतं की त्यांनी सावकारांवर दरोडे घातले आणि इंग्रजांविरुद्ध बंड पुकारलं. मग चौथी-पाचवीतलं एखादं मूल विचारतंच की दरोडा घालणं म्हणजे गुन्हा ना, मग आपण त्यांची जयंती का करतो? प्रश्न अगदी रास्त आहे. पण बहुतेक वेळा आपण तो टाळतो किंवा मोठा झालास की कळेल असं म्हणून पुढे जातो. या लेखात फडके यांचं जीवन थोडं सविस्तर पाहू. त्याबरोबर दरोडा म्हणजे कायद्याच्या भाषेत नेमकं काय आणि त्याला शिक्षा काय, हेही समजून घेऊ. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मुलाच्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं.

जन्म आणि बालपण

वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 रोजी शिरढोण या गावी झाला. हे गाव आजच्या रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. शिरढोणच्या जवळच कर्नाळा किल्ला आहे. त्यांच्या आजोबांचा या किल्ल्याशी किल्लेदार म्हणून संबंध होता असं सांगितलं जातं. पेशवाई 1818 मध्ये संपली होती. म्हणजे वासुदेव लहान असताना घरात जुन्या राज्याच्या आठवणी सांगणारी माणसं अजून होती. मुलगा अंगापिंडाने दणकट, रानावनात हिंडणारा आणि हट्टी होता. त्यांचं शिक्षण कल्याण, मुंबई, पुणे असं ठिकठिकाणी झालं. इंग्रजी येत असल्यामुळे त्या काळच्या शिकलेल्या तरुणाप्रमाणे त्यांनीही सरकारी नोकरीचा रस्ता धरला. मुंबईत काही नोकऱ्या करून शेवटी ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून रुजू झाले.

रजेचा अर्ज

1870 च्या सुमारास त्यांची आई शिरढोणला आजारी पडली. त्यांनी रजेचा अर्ज केला. रजा मिळायला उशीर झाला आणि शेवटी ते तसेच गावी निघाले. पोचेपर्यंत आई गेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी रजा मागितली, तीही मिळाली नाही. नोकरी करणाऱ्या कुणालाही हा प्रसंग आतून कळेल. त्यांच्या मनातला सरकारविषयीचा राग या घटनेपासून वाढला असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पण केवळ घरच्या दुःखामुळे माणूस बंड करत नाही. पुढे जे झालं त्याची खरी कारणं गावागावांत पसरलेली होती.

पुण्यात त्या वेळी वातावरण तापत होतं. 1870 मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, स्वदेशीचा प्रचार करत होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हिंदुस्थानची संपत्ती बाहेर कशी जाते आणि देशी धंदे कसे बुडतात यावर व्याख्यानं देत. फडके ही व्याख्यानं ऐकायला जात. त्यांनी स्वदेशी वस्तू वापरण्याचा नेम धरला. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी कुस्ती आणि हत्यारं चालवण्याचं शिक्षण घेतलं. दत्तात्रेयाची उपासना तर रोजची होती. आपल्या दुसऱ्या पत्नी गोपिकाबाई यांना त्यांनी लिहा-वाचायला शिकवलं. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती.

आपण शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट आहे. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन या संस्थेच्या संस्थापकांमध्ये फडके यांचं नाव घेतलं जातं. हीच संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून वाढली. म्हणजे हातात बंदूक घेण्याआधी या माणसाने शाळा उभी करण्यात भाग घेतला होता. स्वतः थाळी वाजवत रस्त्यावरून फिरायचं, लोक जमवायचे आणि देशाच्या स्थितीवर भाषण करायचं, असाही त्यांचा क्रम काही काळ चालला. बोलून, शिकवून, समजावून काय होतं ते त्यांनी आधी करून पाहिलं होतं.

सावकारी, दंगे आणि दुष्काळ

आता त्या वेळच्या खेड्यांकडे वळू. रयतवारी पद्धतीत शेतसारा रोख भरावा लागे. पीक आलं नाही तरी सारा चुकत नसे. मग शेतकरी सावकाराकडे जाई. अंगठा उठवलेला कर्जरोखा सावकाराच्या पेटीत राही आणि कोर्टात तो कागदच बोले. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे-नगर भागातल्या अनेक गावांत पसरला. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तर कर्जरोख्यांवर होता. कागद मिळवायचे आणि जाळून टाकायचे.

त्यापाठोपाठ 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ आला. गुरं मेली, माणसं गाव सोडून निघाली, रस्त्यांच्या कडेला प्रेतं दिसू लागली. फडके या काळात दुष्काळी भागात फिरले. त्यांनी जे पाहिलं त्यानंतर त्यांचा भाषणांवरचा विश्वास उडाला. सरकारविरुद्ध उठाव करायचा असं त्यांनी ठरवलं. उठावाला माणसं लागतात आणि माणसांना पगार, भाकरी, हत्यारं लागतात. पैशासाठी ते पुण्यातल्या शिकलेल्या आणि सधन लोकांकडे गेले, पण मदत मिळाली नाही. शेवटी त्यांनी सरकारी खजिना आणि धनिक सावकार यांच्याकडून बळाने पैसा मिळवायचा मार्ग धरला.

साथीला आले ते मुख्यतः रामोशी. हा समाज पूर्वी गावांची आणि किल्ल्यांची राखण करणारा. इंग्रजी अमलात त्यांची जुनी कामं आणि हक्क गेले. याच समाजातले उमाजी नाईक इंग्रजांविरुद्ध लढले आणि 1832 मध्ये पुण्यात फासावर गेले होते. फडके यांच्याबरोबर दौलतराव नाईक हे मोठे साथीदार होते. कोळी, धनगर आणि इतर समाजांतली माणसंही येऊन मिळाली. पुण्यातले काही शिकलेले तरुणही होते.

धामारी

फेब्रुवारी 1879 मध्ये पुण्याजवळ लोणीकंदच्या परिसरात सगळे जमले आणि उठावाला सुरुवात झाली. पहिला मोठा छापा शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पडला. सावकाराचं घर लुटलं. अपेक्षेच्या मानाने रक्कम थोडी मिळाली. त्यानंतर पुणे आणि सातारा भागात छाप्यांची मालिकाच सुरू झाली.

जरा इथे थांबू या, कारण मुलांचा प्रश्न इथेच उभा राहतो. रात्रीची वेळ, दारावर लाथा, हातात तलवारी आणि बंदुका घेतलेली माणसं, घरातल्या बायका-मुलांचा आक्रोश. त्या घरातल्या लहान मुलाला बाहेरचा माणूस देशभक्त आहे की लुटारू, हे कसं कळणार? त्याला फक्त भीती कळली असणार. कायदा याच भीतीपासून सुरू होतो.

कायद्यात दरोडा म्हणजे काय?

लॉर्ड मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा 1837 मध्ये तयार केला होता. ती संहिता 1860 मध्ये मंजूर झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली. फडके यांच्या छाप्यांच्या वेळी हा कायदा जेमतेम सतरा वर्षांचा होता. त्यातली रचना जिन्यासारखी आहे. एकेक पायरी चढत गेलं की गुन्हा मोठा होत जातो.

पहिली पायरी चोरी. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिकपणे हलवली की ती चोरी. बाजारात नकळत खिशातलं पाकीट काढणं हे उदाहरण मुलांना लगेच समजतं.

दुसरी पायरी जबरी चोरी. चोरी करण्यासाठी, किंवा चोरलेला माल नेताना, कुणाला जाणूनबुजून इजा केली, अडवून धरलं किंवा तिथल्या तिथे इजा होईल अशी भीती घातली, की ती जबरी चोरी होते. धमकावून समोरच्याला स्वतःच्या हाताने वस्तू द्यायला लावलं, तरी ती तत्काळ भीती असेल तर तेही यात येतं. साध्या जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि दंड. हीच गोष्ट सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान महामार्गावर घडली तर चौदा वर्षांपर्यंत.

तिसरी पायरी दरोडा. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरी चोरी केली किंवा तसा प्रयत्न केला की तो दरोडा. या पाचांत प्रत्यक्ष लुटणारे आणि तिथे हजर राहून मदत करणारे, सगळे मोजले जातात. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. हत्यार होतं म्हणून दरोडा, असं नाही. हत्यार नसलं तरी पाच जण मिळून बळाने लुटत असतील तर दरोडाच. चार जण बंदुका घेऊन आले तरी कायद्याच्या भाषेत ती जबरी चोरी. फरक माणसांच्या संख्येचा आहे, कारण टोळीपुढे एकटं घर किंवा एकटा वाटसरू अगदी असहाय असतो. दरोड्याला त्या वेळी जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा किंवा दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास, शिवाय दंड, अशी तरतूद होती.

मग हत्याराला काही महत्त्व नाही का? आहे. जबरी चोरी किंवा दरोड्याच्या वेळी एखाद्याने प्राणघातक हत्यार वापरलं किंवा कुणाला जबर दुखापत केली, तर त्याला सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देताच येत नाही. न्यायालयांनी पुढे असंही स्पष्ट केलं की हत्यार वापरलं म्हणजे वार केलाच पाहिजे असं नाही. समोरच्याला धाक बसावा म्हणून ते दाखवलं तरी तो वापर झाला. ही वाढीव शिक्षा मात्र ज्याने स्वतः हत्यार वापरलं त्यालाच लागते. दरोड्यात खून झाला तर नियम उलटा आहे. पाचांपैकी एकाने जरी दरोडा घालताना खून केला, तरी टोळीतला प्रत्येक जण जबाबदार धरला जातो आणि शिक्षा फाशीपर्यंत जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट. गुन्ह्याची नुसती तयारी केली म्हणून कायदा सहसा शिक्षा करत नाही. पण याला मोजके अपवाद आहेत. त्यांतला एक दरोड्याची तयारी आणि दुसरा सरकारविरुद्ध युद्ध करण्यासाठी माणसं-हत्यारं जमवणं. फडके यांचं काम या दोन्ही अपवादांत बसत होतं.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. चोरीच्या व्याख्येत अप्रामाणिकपणा हा शब्द आहे. मग चांगल्या कामासाठी पैसा घेतला तर तो अप्रामाणिकपणा होतो का? कायद्यात या शब्दाचा अर्थ ठरवून दिलेला आहे. एकाला गैरमार्गाने लाभ व्हावा किंवा दुसऱ्याचं गैरमार्गाने नुकसान व्हावं अशा इराद्याने केलेली कृती अप्रामाणिक. म्हणजे घेणाऱ्याने तो पैसा चैनीत उडवला की उपाशी लोकांना वाटला, यावर व्याख्या अवलंबून नाही. ज्याचं गेलं त्याचं नुकसान करण्याचा इरादा होता का, एवढंच पाहिलं जातं. इरादा आणि हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काय करायचं ठरवलं हा इरादा. कशासाठी केलं हा हेतू. दरोड्याचा कायदा इरादा विचारतो. हेतूची नोंद फार तर शिक्षा ठरवताना घेतली जाते.

जाहीरनामा

फडके मात्र आपला हेतू लपवून ठेवत नव्हते. साधा दरोडेखोर लुटून अंधारात नाहीसा होतो. मे 1879 मध्ये फडके यांनी सरकारला उद्देशून जाहीरनामा काढला आणि तो वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवला. दुष्काळात सापडलेल्या लोकांना काम द्या, करांचं ओझं कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कमी करा, नाहीतर युरोपियन लोकांवर हल्ले होतील, असा त्याचा आशय होता. त्याची चर्चा थेट विलायतेच्या वर्तमानपत्रांपर्यंत गेली. सरकारने फडके यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं, तर त्यांनी उलट मुंबईच्या गव्हर्नरांच्याच डोक्यावर बक्षीस लावलं. एका कारकुनाने गव्हर्नरला असं उत्तर द्यावं, याची लोकांत केवढी चर्चा झाली असेल!

त्याच महिन्यात दौलतराव नाईक यांनी कोकणात उतरून पनवेलजवळ पळस्पे भागात मोठी लूट केली. पळस्पे म्हणजे फडके यांच्या शिरढोणच्या शेजारचाच मुलूख. लूट घेऊन परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं आणि दौलतराव गोळी लागून पडले. उठावाचा कणाच मोडला.

याच दिवसांत पुण्यातल्या बुधवार वाड्याला आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. सगळा संशय फडके यांच्यावर गेला. पुढे मात्र या प्रकरणात दुसऱ्याच माणसाला शिक्षा झाली. लोकांची बोलणी आणि कोर्टातला पुरावा यांत किती अंतर असतं, हे मुलांना सांगायला हे उदाहरण फार चांगलं आहे.

श्रीशैल ते देवर नावडगी

या धावपळीत फडके दक्षिणेकडे कृष्णाकाठच्या श्रीशैल मल्लिकार्जुन क्षेत्री गेले. तिथे त्यांनी आपल्या आयुष्याची हकिगत लिहिली. आपल्या काही साथीदारांचं लक्ष देशापेक्षा लुटीच्या वाटणीकडे जास्त आहे, याचं दुःख त्यांनी त्यात मांडलं. त्यांच्या आयुष्यातली खरी कोंडी मला इथे दिसते. ज्यांना सोबत घेतलं त्यांच्या पोटात भूक होती. भुकेलेल्या माणसाने लुटीतला वाटा मागितला तर त्याला दोष कसा द्यायचा? आणि एकदा लुटीचा मार्ग धरल्यावर स्वराज्याची लूट आणि पोटाची लूट यांत रेघ कुठे ओढायची? ही रेघ फडके यांना स्वतःला सापडत नव्हती. तरी त्यांनी माघार घेतली नाही. निजामाच्या मुलखात जाऊन रोहिल्यांची फौज उभारायचा प्रयत्न त्यांनी सुरू केला.

सरकार मागावर होतंच. जुलै 1879 मध्ये विजापूर भागात देवर नावडगी या गावी, तापाने फणफणलेले आणि थकून झोपलेले असताना, मेजर डॅनियल आणि हैदराबाद संस्थानचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडलं. फेब्रुवारी ते जुलै, म्हणजे सारा उठाव पाच-सहा महिन्यांचा. त्यांना पुण्यात आणलं गेलं तेव्हा बघायला लोकांची गर्दी लोटली होती.

खटला

पुण्यात त्यांच्यावर खटला चालला. सरकारविरुद्ध युद्धाची तयारी, सरकारविषयी द्वेष पसरवणं आणि दरोडे असे आरोप होते. अशा माणसाचं वकीलपत्र घेणं म्हणजे सरकारची नाराजी ओढवून घेणं. तरी सार्वजनिक काका त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. ज्यांच्याकडून स्वदेशी शिकलो तेच काका कोर्टात आपल्या बाजूला उभे आहेत, हे पाहून फडके यांना काय वाटलं असेल!

सरकारच्या हाती सर्वांत मोठा पुरावा होता तो फडके यांच्याच हातचा. त्यांनी लिहिलेली हकिगत आणि दैनंदिनी पोलिसांना सापडली होती. गंमत पाहा. आपला हेतू लोकांना कळावा म्हणून माणसाने लिहून ठेवलं आणि कोर्टात त्याच कागदांनी इरादा सिद्ध केला. नोव्हेंबर 1879 मध्ये त्यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांतल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी सरकारने दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. कर्जरोख्याच्या कागदापलीकडे जाऊन व्यवहार खरा किती होता हे पाहण्याचा अधिकार त्यामुळे कोर्टाला मिळाला. कर्जफेड झाली नाही म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यावरही बंधन आलं. हा कायदा मुख्यतः 1875 च्या दंग्यांनंतरच्या चौकशीतून आला, एकट्या फडके यांच्यामुळे नव्हे. पण सावकारीने रयत पिळली जाते हे त्यांचं म्हणणं सरकारलाही नाकारता येत नव्हतं, एवढं यातून दिसतं. एकाच वर्षी एका कायद्याने फडके यांना शिक्षा केली आणि दुसऱ्या कायद्याने त्यांच्या तक्रारीची दखल घेतली.

एडन

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. फडके यांना मात्र 1880 च्या सुरुवातीला एडनला पाठवलं. अरबस्तानच्या दक्षिण टोकाचं हे बंदर तेव्हा मुंबई सरकारच्या अखत्यारीत होतं. तिथल्या तुरुंगात बेड्या, एकांत आणि कष्टाची कामं. एकदा त्यांनी कोठडीचा दरवाजाच बिजागऱ्यांसकट उखडून काढला आणि पळाले. पण अनोळखी वाळवंटी मुलूख, भाषा परकी, अंगावर कैद्याच्या खुणा. लवकरच ते पुन्हा पकडले गेले. त्यानंतर जाच वाढला, प्रकृती ढासळली, त्यांनी अन्न सोडलं. 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं 37 वर्षं. गावाची माती, घरचं माणूस, कुणीही जवळ नव्हतं. आई आजारी असताना वेळेवर पोचू न शकलेला हा मुलगा स्वतःच्या शेवटच्या क्षणीही घरापासून समुद्रापलीकडे होता.

पुढे स्वतंत्र भारताने त्यांच्या नावाने 1984 मध्ये टपाल तिकीट काढलं. पुण्यात संगम पुलाजवळ, जिथे त्यांना कैदेत ठेवलं होतं तिथे, त्यांचं स्मारक आहे. शिरढोणलाही आहे. पुण्याची सहल नेणाऱ्या शाळांनी शनिवारवाड्याबरोबर हे ठिकाणही जरूर दाखवावं.

आजचा कायदा आणि आपली मुलं

1955 च्या दुरुस्तीने काळ्या पाण्याची शिक्षा रद्द होऊन तिच्या जागी जन्मठेपेचा कारावास आला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलले. जबरी चोरी कलम 309 मध्ये, दरोडा 310 मध्ये आणि प्राणघातक हत्याराची किमान सात वर्षांची शिक्षा 311 मध्ये गेली. पाच माणसांची व्याख्या मात्र तीच राहिली.

हे पालकांनी समजून घेण्याची गरज आहे. आज शहरांत आणि मोठ्या गावांतही कोयता दाखवून मोबाईल हिसकावल्याच्या बातम्या येतात आणि त्यांत शाळा सोडलेली किंवा शाळेतलीच मुलं असतात. मी काही केलं नाही, नुसता गाडीवर बसलो होतो, असं मूल म्हणतं. पाच जणांत उभं राहून मदत करणारा कायद्याने दरोड्यात धरला जातो. मी कोयता फक्त दाखवला, मारला नाही, असं दुसरं मूल म्हणतं. दाखवणं हाही वापर आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं बाल न्याय मंडळापुढे जातात हे खरं. पण 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार, ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो घृणास्पद गुन्हा मानला जातो. अशा गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाचं प्राथमिक मूल्यमापन होऊन त्याच्यावर प्रौढासारखा खटलाही चालू शकतो. हत्यार बाहेर काढलं की मूल या उंबरठ्यावर येतं. पोरगा लहान आहे, सुटेल, या भरवशावर कुणी राहू नये.

वर्गात कसं सांगावं?

मुलांना मी तीन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगते. एक, फडके यांनी केलं ते तेव्हाच्या आणि आजच्याही व्याख्येने दरोडाच होता. हे लपवायचं नाही. दोन, कायदा कृती मोजतो, पण इतिहास माणसाचं अख्खं आयुष्य पाहतो. आपण जयंती धामारीच्या लुटीची करत नाही. स्वतःच्या चांगल्या नोकरीवर पाणी सोडून, उपाशी रयतेसाठी आणि देशाच्या स्वातंत्र्यासाठी परक्या तुरुंगात मरण पत्करणाऱ्या माणसाची करतो. तीन, त्या वेळी रयतेला मत नव्हतं, आपला प्रतिनिधी नव्हता, कायदा बदलण्याचा अधिकार नव्हता. आज तो आहे. त्यामुळे फडके यांचं धैर्य घ्यायचं, मार्ग नाही.

आणखी एक काळजी घ्यावी. ही गोष्ट सांगताना रामोशी म्हणजे लुटारू असं चित्र चुकूनही उभं करू नये. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याखाली अनेक जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला गेला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. रामोशी समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे आणि त्या समाजाची मुलं आपल्याच वर्गात बसलेली असतात. दरोड्याची व्याख्या सांगताना हे ठासून सांगावं की कायदा पाच माणसांची कृती पाहतो, त्यांची जात नाही. दौलतराव नाईक यांचं नाव फडके यांच्या बरोबरीने घ्यावं. भाषणांत ते बहुतेक वेळा राहून जातं.

गटचर्चेसाठी काही प्रश्न :

1. चोरी, जबरी चोरी आणि दरोडा यांत फरक काय? प्रत्येकाचं एक उदाहरण सांगा.
2. इरादा आणि हेतू यांत फरक काय? फडके यांचा इरादा कोणता आणि हेतू कोणता?
3. धामारीच्या त्या घरातलं मूल मोठं झाल्यावर फडके यांच्याविषयी काय म्हणालं असतं?
4. आज सावकाराने जाच केला तर शेतकरी कुणाकडे दाद मागू शकतो? घरी विचारून या.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलं फार वेगवेगळं देतात. कुणी म्हणतं तो रागावलेलाच राहील, कुणी म्हणतं त्याला पुढे अभिमान वाटेल. दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहावीत आणि तशीच राहू द्यावीत.